बासरी, पावा, सनई, तुतारी: फुंकून वाजणाऱ्या वाद्यांच्या शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाद्यांची नावे आपण लहानपणापासून ऐकतो, परंतु त्यांतील एखाद्या नावाचा नेमका अर्थ कोणी विचारला की आपण थबकतो. पावा आणि बासरी यांत फरक कोणता, सॅक्सोफोन पितळेचा असूनही लाकडी वाद्यांत का मोडतो, ‘पांढरी तीन’ हे बासरीचे वर्णन कसे होऊ शकते, असे प्रश्न शिकणाऱ्यांकडून आणि ऐकणाऱ्यांकडूनही पुन्हा पुन्हा येतात. अशाच प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. शब्दाचा अर्थ वाद्याच्या रचनेपासून तोडून सांगता येत नाही, म्हणून जेथे गरज आहे तेथे वाद्य कसे वाजते हेही सांगितले आहे.

‘सुषिर वाद्य’ या संज्ञेचा अर्थ काय?

‘सुषिर’ म्हणजे पोकळ किंवा छिद्रे असलेले. भरताच्या नाट्यशास्त्रात २८व्या अध्यायात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तारांची ती तत, कातड्याने मढवलेली ती अवनद्ध, एकमेकांवर आपटून वाजणारी धातूची ती घन आणि पोकळ ती सुषिर. हे नाव वाऱ्यावरून किंवा फुंकेवरून पडलेले नसून पोकळीवरून पडले आहे, आणि ते फार विचारपूर्वक दिलेले नाव आहे, असे मला वाटते. बासरीत प्रत्यक्ष कंप पावतो तो बांबू नव्हे, तर बांबूच्या आतला हवेचा स्तंभ. बांबूचे काम त्या पोकळीला लांबी आणि रुंदी देण्याचे.

या चार वर्गांचा धागा पुढे युरोपातही पोहोचला. एकोणिसाव्या शतकात ब्रुसेल्सच्या संग्रहालयासाठी वाद्यांची वर्गवारी करताना माहिलाँ यांनी हीच चौकट आधाराला घेतली, आणि १९१४ साली होर्नबोस्टेल व झाक्स या संगीत-अभ्यासकांनी तिला आजचे सर्वमान्य रूप दिले. त्यांच्या पद्धतीत या वर्गाला ‘एरोफोन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘वायुवाद्य’ हा शब्द चालतो.

मग सुषिर वाद्य आणि वायुवाद्य हे समानार्थी शब्द मानावेत का?

बहुतेक वेळा मानायला हरकत नाही. मात्र हार्मोनियम किंवा माउथ ऑर्गन यांच्याविषयी लिहिताना ‘वायुवाद्य’ हा शब्द अधिक नेमका ठरतो, कारण त्यांत स्वर ठरवणारी नळी नसते. हवेच्या झोताने धातूची पातळ पट्टी हलते आणि स्वराची उंची त्या पट्टीवरच ठरते.

बासरी, वेणू, मुरली, पावा आणि अलगूज ही एकाच वाद्याची नावे आहेत का?

काव्यात ती एकमेकांच्या जागी येतात, परंतु प्रत्येकाचे मूळ आणि छटा वेगळी आहे.

‘बासरी’ या शब्दाच्या पोटात ‘वंश’ आहे. वंश म्हणजे बांबू, आणि पेरामागून पेर वाढत जाणाऱ्या बांबूवरूनच कुळाच्या परंपरेलाही वंश म्हणतात. ‘वेणू’ म्हणजेही बांबूच. आपण बांबूच्या बेटाला वेळूचे बन म्हणतो तो ‘वेळू’ याच ‘वेणू’चे बोलीत रुळलेले रूप आहे. एकच शब्द दोन वाटांनी आला. संस्कृत रूपात राहिला तो वाद्य झाला आणि लोकांच्या तोंडी घासला गेला तो झाड राहिला. मराठी माणसाला वेणू ऐकताना वेळू आठवत नाही, ही मला नेहमी हळहळ लावणारी गोष्ट वाटते.

‘मुरली’ हा भक्तिकाव्यातला लाडका शब्द असून तो जवळजवळ नेहमी कृष्णाच्या हातातील बासरीसाठी वापरला जातो. ‘मुरळी’ हा निराळा शब्द आहे, तो वाद्याचा नाही. लिहिताना ल आणि ळ यांची गल्लत टाळावी.

‘पावा’ हा गुराख्याच्या हातातला शब्द. साधी, आखूड, फार सोपस्कार न करता बनवलेली बासरी म्हणजे पावा. मैफलीत वाजणाऱ्या हातभर लांब बासरीला कोणी पावा म्हणत नाही. ‘अलगूज’ हे नाव साधारणपणे तोंडात धरून सरळ वाजवायच्या, शिट्टीसारखे तोंड असलेल्या बासरीला देतात. याच शब्दाचे भावंड असलेला ‘अलगोजा’ मात्र इतरत्र जोडबासरीसाठी वापरतात, तेव्हा दोन्ही शब्द एकत्र आले की संदर्भ पाहून अर्थ लावावा.

आडवी बासरी आणि उभी बासरी यांत फरक केवळ धरण्याचा आहे का?

नाही. आडव्या बासरीत ओठ स्वतः हवेचा पातळ झोत घडवतात आणि तो फुंकेच्या छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटवतात. उभ्या बासरीच्या तोंडात बहुधा एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्यातली अरुंद फट तो झोत कडेपर्यंत आयता पोहोचवते. म्हणून उभ्या बासरीतून पहिल्याच फुंकेला स्वर निघतो, तर आडव्या बासरीत नवशिक्याला कित्येक दिवस नुसता वाराच ऐकू येतो. त्या बदल्यात आडवी बासरी ओठांच्या बारीक हालचालीने स्वर रंगवू देते.

‘कीचक’ म्हणजे महाभारतातील पात्र ना? त्याचा बासरीशी काय संबंध?

पात्राचे नाव तेच असले तरी शब्दाला दुसरा अर्थ आहे. वाऱ्याने आपोआप वाजणारा बांबू म्हणजे कीचक, असा अर्थ अमरकोशात दिला आहे. बांबूला किड्याने भोक पाडलेले असले आणि त्यावरून वारा आडवा वाहिला की तो शीळ घातल्यासारखा वाजतो. कालिदासाने हे कीचक आपल्या काव्यात वारंवार वाजवले आहेत. वाजवणारा नाही, तरी वाद्य आहे, अशा अवस्थेला स्वतंत्र शब्द असणे ही त्या भाषेची श्रीमंती होय.

नाडी आणि धमनी हे शब्द वाद्यांशी जोडले जातात ते कशावरून?

हा प्रश्न वैद्यकाचे विद्यार्थी अधिक विचारतात, आणि त्याचे उत्तर सविस्तर देण्यासारखे आहे.

‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे पाणथळ जागी उगवणारे, आतून पोकळ असलेले गवत. त्यावरून नळ, नळी, नाळ, नाडी ही सारी शब्दांची वेल वाढली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १३५व्या सूक्तात यमाच्या घरी ‘नाळी’ फुंकली जाते असा उल्लेख आहे, आणि तेथे नाळी म्हणजे फुंकून वाजवण्याची नळीच. तोच शब्द शरीरातील पोकळ वाहिनीला लागला आणि मनगटावर बोट ठेवून पाहतात ती नाडी झाली.

‘धमनी’चे कूळ वेगळे, पण गाव तेच. ‘धम्’ किंवा ‘ध्मा’ या धातूचा अर्थ फुंकणे. ऋग्वेदातील त्या ओळीत नाळी ‘धम्यते’, म्हणजे फुंकली जाते, आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात भीम आपला शंख फुंकतो तेथे ‘दध्मौ’ हे क्रियापद येते. धमनी म्हणजे मुळात फुंकायची नळी. आज जिच्यातून रक्त वाहते असे आपण शिकतो, तिचे नाव वाऱ्यावरून पडलेले आहे.

असे केवळ संस्कृतातच घडले नाही. लॅटिनमध्ये ‘टिबिया’ म्हणजे नडगीचे हाड, आणि टिबिया म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्यसुद्धा. मराठीतही नडगीच्या हाडाला पायाची नळी म्हणतातच. जर्मनीतील होले फेल्स या गुहेत २००८ साली गिधाडाच्या पंखाच्या हाडाची पाच छिद्रांची बासरी सापडली. तिचे वय ३५ हजार वर्षांहून अधिक मानले जाते. हाड आणि वाद्य यांचे नाते शब्दांच्या कितीतरी आधीपासूनचे आहे.

‘रीड’ला मराठी शब्द कोणता?

वाजवणारे ‘पत्ती’ म्हणतात किंवा सरळ ‘रीड’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द चालतात. इंग्रजीत रीड म्हणजे मुळात पाणथळ जागचे ते पोकळ गवत. मराठीत त्याच्या जवळचा शब्द ‘बोरू’, ज्याचे टोक छाटून पूर्वी लेखणी करत असत.

येथे एक सुंदर योगायोग आहे. ग्रीक भाषेत ‘कालामोस’ म्हणजे बोरू. तो शब्द अरबीत ‘कलम’ झाला आणि फारसीतून मराठीत लेखणीच्या अर्थाने आला. तोच लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेला तेव्हा ‘शालुमो’ या वाद्याचे नाव बनला, आणि शालुमो हा क्लॅरिनेटचा पूर्वज होय. आजही क्लॅरिनेटच्या खालच्या, गडद स्वरांच्या पट्ट्याला शालुमोच म्हणतात. म्हणजे आपल्या हातातली कलम आणि क्लॅरिनेटचे खालचे स्वर ही एकाच घरातली माणसे आहेत. ‘सनई’तही हेच गवत दडलेले आहे. ती फारसीतल्या ‘शहनाई’वरून आली, आणि त्यातला ‘नाय’ किंवा ‘नय’ म्हणजे बोरू, आणि बोरूची बासरीही.

पत्ती प्रत्यक्ष पाहिली तर तिचे महत्त्व कळते. ओबो या पाश्चात्त्य वाद्याची पत्ती म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या दोन पातळ काड्या, एका बारीक नळीवर दोऱ्याने घट्ट बांधलेल्या. टोकाशी त्या इतक्या पातळ तासलेल्या असतात की उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसते. कोरडी असताना ती आवाज देत नाही, म्हणून वादक ती आधी पाण्यात भिजवतो किंवा ओठांत धरून ओली करतो. नंतर नुसत्या पत्तीतच फुंकून पाहतो, आणि तिची चिरकी आरोळी मनासारखी निघाली तरच ती वाद्याला लावतो. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांना एकच पत्ती असते, ओबो, ‘बसून’ हे पाश्चात्त्य वाद्य आणि सनई यांना दुहेरी, तर बासरीला पत्ती नसतेच.

धातूच्या फ्लूटला आणि पितळेच्या सॅक्सोफोनला ‘वुडविंड’ म्हणजे लाकडी वाद्य का म्हणतात?

कारण वर्ग वाद्य कशाचे आहे यावर ठरत नाही, ध्वनी कसा उपजतो यावर ठरतो. हवेचा झोत कडेवर आपटून किंवा पत्ती कंप पावून ध्वनी निघत असेल तर ते वुडविंड. फ्लूट पूर्वी लाकडाचीच असे. म्युनिकच्या टेओबाल्ड बोम यांनी १८४७ साली तिची नळी सरळ गोल आणि धातूची केली, छिद्रे मोठी केली आणि त्यांवर बोटांऐवजी चाव्यांची झाकणे बसवली. ध्वनी निघण्याची रीत मात्र जुनीच राहिली. सॅक्सोफोनचे एकस्व (पेटंट) अडॉल्फ साक्स यांना १८४६ साली मिळाले. तो जन्मापासून पितळी, परंतु तोंडाशी क्लॅरिनेटसारखी पत्ती असल्यामुळे तो लाकडी कुटुंबात बसतो.

‘काष्ठवाद्य’ हा मराठी पर्याय काही ठिकाणी वाचायला मिळतो. तो शब्दशः बरोबर असला तरी वाचकाला चुकीच्या दिशेने नेतो, म्हणून मी तो वापरत नाही.

मग ‘पितळी वाद्ये’ कोणती?

ज्यांत वाजवणाऱ्याचे ओठच कंप पावतात ती. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि हॉर्न यांच्या पंगतीला आपली तुतारी आणि कर्णा तर बसतातच, पण ज्यांना पितळेचा स्पर्शही नाही ते शंख आणि जनावराचे शिंगही त्याच पंगतीचे. ओठ घट्ट मिटून त्यांतून हवा ढकलली की जो फर्रर आवाज होतो, त्यालाच ही वाद्ये घुमवतात आणि मोठा करतात. ‘रणशिंग’ या शब्दात त्या मूळ शिंगाची आठवण अजून टिकून आहे.

आपण बासरी वाजवतो, मग शंख आणि तुतारी फुंकतो असे का म्हणतो?

नियम म्हणून हे कोठे लिहिलेले नाही, परंतु भाषेचा कान येथे तीक्ष्ण आहे. जेथे बोटांनी स्वर बदलून सुरावट रचायची असते तेथे ‘वाजवणे’ येते, आणि जेथे एकाच दमात हाक द्यायची असते तेथे ‘फुंकणे’. त्यामुळे रणशिंग फुंकले जाते, सनई वाजवली जाते. शंखाला दोन्ही क्रियापदे चालतात. ओठांनी काढलेली शीळ ‘घालतात’, आणि शिट्टी वाजवतात किंवा मारतात.

‘फुंक’ आणि ‘फुंकर’ यांतही भेद आहे. फुंकर हळुवार असते, ती जखमेवर घालतात. बासरीच्या मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातील स्वरांना जोराची फुंक चालत नाही, फुंकरच लागते, आणि शिकवणाऱ्याने हा एक शब्द योग्य वेळी वापरला तर विद्यार्थ्याचे अर्धे काम होते.

‘पांढरी तीनची बासरी’ म्हणजे काय? बासरीला पट्ट्या कुठे असतात?

पट्ट्या हार्मोनियमच्या, पण स्वराची उंची सांगण्याची ही रीत सर्वच वाद्यांना लागू झाली आहे. सप्तकातील पांढऱ्या पट्ट्या डावीकडून एक ते सात आणि काळ्या एक ते पाच अशा मोजतात. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’, आणि पांढरी तीन म्हणजे ‘ई’. ज्या बासरीचा षड्ज (सा) या पट्टीशी जुळतो ती पांढरी तीनची बासरी. हिंदुस्थानी पद्धतीत फुंकेच्या बाजूची पहिली तीन छिद्रे बंद केली की षड्ज मिळतो, आणि सहाही बंद केली की त्याखालचा पंचम (प).

या लांब, खोल आवाजाच्या बासरीला मैफलीत मान मिळवून दिला तो पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी. सातवे छिद्रही त्यांच्याच नावाशी जोडले जाते.

पेर, बूच, रंध्र हे बासरी बनवणाऱ्यांचे शब्द समजावून सांगाल का?

पेर म्हणजे बांबूच्या दोन गाठींमधला सरळ भाग. बासरीसाठी लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू लागतो, कारण मध्ये गाठ आली की आतली पोकळी अडते. बोटाच्या सांध्यांमधल्या भागालाही आपण पेरच म्हणतो. मोठ्या बासरीची छिद्रे इतकी दूर असतात की ती बोटांच्या टोकांनी झाकता येत नाहीत, मधल्या पेरांनी झाकावी लागतात. बांबूच्या पेरावर बोटाचे पेर टेकते तेव्हाच ती वाजते.

बूच म्हणजे फुंकेच्या छिद्राच्या मागे नळीत बसवलेला अडसर. तो थोडा जरी सरकला तरी मंद्र आणि तार, म्हणजे खालच्या आणि वरच्या सप्तकांचे जुळणे बिघडते. रंध्र, छिद्र, भोक हे तिन्ही एकच. पोथीत रंध्र, लेखात छिद्र आणि कारागिराच्या तोंडी भोक. तापवून लाल केलेली सळई बांबूवर टेकवली की चुरचुर आवाज होतो, धुराची एक रेघ उठते आणि कड काळी होत भोक पडते. कारागीर ते मुद्दाम थोडे लहान ठेवतो, फुंकून ऐकतो, कानशीने किंचित घासतो, पुन्हा ऐकतो. मोठे झालेले भोक पुन्हा लहान करता येत नाही.

‘दमसास’ म्हणजे केवळ मोठा श्वास का?

नाही. दम आणि सास हे दोन्ही शब्द श्वासाचेच, एक फारसीकडून आलेला आणि एक श्वासावरून झालेला. परंतु जोडशब्दाचा अर्थ आहे श्वास पुरवून पुरवून वापरण्याची ताकद. छाती मोठी असूनही दमसास कमी असू शकतो. सनईवादक स्वर न तोडता वाजवत राहतात त्यामागे वेगळी युक्ती असते. गालात हवा साठवून ती दाबाने वाद्यात सोडत असतानाच ते नाकाने श्वास आत घेतात. याला चक्राकार श्वसन म्हणतात.

बेसूर आणि कणसूर यांत फरक आहे का?

आहे, आणि तो जपण्यासारखा आहे. स्वर उघडपणे चुकला तर तो बेसूर. कणभर चढा किंवा उतरलेला असला, आणि तयार कानालाच खुपला, तर तो कणसूर. बासरीत कणसूर होण्याचे एक कारण वादकाच्या हाती नसते. फुंकेच्या उबेने नळीतली हवा तापते आणि स्वर चढतो, म्हणून वादक कार्यक्रमाआधी बासरी वाजवून गरम करून घेतात.

परदेशी वाद्यांच्या नावांचे अर्थ काय आहेत?

ओबो हे फ्रेंच ‘ओबुआ’वरून आले. त्याचा अर्थ उंच किंवा मोठ्या आवाजाचे लाकूड. त्याचा स्वर स्थिर असल्यामुळे ऑर्केस्ट्रा त्याच्याशी सूर जुळवून घेतो. पिकोलो म्हणजे इटालियनमध्ये ‘लहान’. ती फ्लूटच्या जवळजवळ निम्म्या लांबीची असून एक सप्तक वर वाजते. ट्रॉम्बोन म्हणजे ‘मोठी ट्रम्पेट’. बसूनला इटालियनमध्ये ‘फागोत्तो’, म्हणजे काड्यांची मोळी म्हणतात, आणि दुमडलेल्या नळ्यांचे ते वाद्य पाहिले की नाव पटते. क्लॅरिनेट म्हणजे लहान क्लॅरिनो. क्लॅरिनो हा ट्रम्पेटच्या उंच स्वरांसाठीचा शब्द होता, आणि १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या डेनर यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या या नव्या वाद्याचे वरचे स्वर दुरून तसेच वाटत.

रेकॉर्डर या नावाने अनेकांचा गोंधळ होतो. येथे ध्वनिमुद्रणाचा काही संबंध नाही. इंग्रजीतील त्या क्रियापदाचा जुना अर्थ ‘घोकणे, पाठ म्हणणे’ असा होता, आणि पक्ष्यांच्या गुणगुणण्यालाही तो लावत. ही उभी बासरी ध्वनिमुद्रण यंत्रांच्या कित्येक शतके आधीची आहे.

पुंगी आणि पिपाणी एकच का?

नाही. पुंगीला हवा साठवण्यासाठी भोपळा असतो आणि त्याखाली पत्ती लावलेल्या नळ्या असतात. पिपाणी म्हणजे लहान, चिरक्या आवाजाची नळी, बहुधा मुलांच्या खेळण्यातली. गुंडाळी केलेल्या कागदालाही पुंगी म्हणतात, तेथे केवळ आकार पाहिलेला असतो. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, ही म्हण दोन्हींकडून फायदा असलेल्या प्रयत्नासाठी वापरतात.

‘शंख करणे’ याचा अर्थ शंख वाजवणे असा होतो का?

होत नाही. त्याचा अर्थ मोठ्याने आक्रोश करणे. ‘तो अगदीच शंख आहे’ असे म्हटले तर मात्र माणूस मठ्ठ आहे असा अर्थ होतो. वाद्याविषयी लिहायचे असल्यास ‘शंखनाद करणे’ किंवा ‘शंख फुंकणे’ असे लिहावे.